फलाटापासून रिक्षा थांब्यापर्यंत: स्थानक परिसर आणि भुयारी मार्गांतील दिवाबत्ती कशी सुधारावी

मराठवाड्यातील शहरांत मेट्रो नाही आणि उपनगरी लोकलही नाही, तरी येथील रेल्वे स्थानकांवरची ये-जा मोठ्या प्रमाणात रात्री आणि भल्या पहाटे होते. मुंबईहून रात्री सुटणारी देवगिरी एक्सप्रेस छत्रपती संभाजीनगरला पहाटे, अंधार असतानाच पोहोचते. लातूरहून मुंबईला जाणारी गाडी रात्री उशिरा निघते. परभणी किंवा पूर्णा जंक्शनवर गाडी बदलणाऱ्यांना रात्रीचे काही तास स्थानकाच्या परिसरातच काढावे लागतात. या प्रवाशांत परीक्षेला निघालेले उमेदवार, लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी आलेल्या मुली, दवाखान्याच्या कामाने शहरात आलेली खेड्यातील माणसे आणि कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघालेली कुटुंबे असतात. त्यांना फलाटावर पुरेसा उजेड मिळतो, पण स्थानकाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर शंभर-दोनशे मीटरच्या आत तो कुठे ना कुठे तुटतो.

हा लेख या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. मोहल्ला समित्या, महिला मंडळे, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, पहिल्यांदा निवडून आलेले नगरसेवक आणि महापालिकेच्या विद्युत विभागात नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘येथे आणखी दिवे लावा’ ही मागणी बहुधा चुकीच्या जागी पोहोचते, कारण अंधाराची ठिकाणे प्रामुख्याने दोन यंत्रणांच्या हद्दी जेथे भेटतात तेथे असतात. म्हणून मागणी दिव्यांच्या संख्येची न करता चालणाऱ्याच्या वाटेवरील सलग उजेडाची करावी, आणि त्या वाटेवरील प्रत्येक खांब कोणाचा आहे हे आधी ठरवून घ्यावे.

पहिले पाऊल: वाट निवडणे आणि हद्दी शोधणे

संपूर्ण स्थानक परिसर एकदम हाती घेऊ नये. प्रवासी प्रत्यक्षात ज्या वाटेने चालतात अशी एकच वाट निवडावी, उदाहरणार्थ पादचारी पुलाच्या पायथ्यापासून रिक्षा थांब्यापर्यंत, किंवा मागच्या बाजूच्या दारापासून भुयारी मार्गाने पलीकडच्या वस्तीपर्यंत. नांदेडला गोकुळनगरची बाजू आहे, छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीसारखे छोटे स्थानक आहे, लातूरजवळ हरंगुळ आहे. अशा ठिकाणची वाट मुख्य दर्शनी चौकापेक्षा अधिक दुर्लक्षित असते आणि काम तेथून सुरू करणे मला अधिक योग्य वाटते. दर्शनी चौकात हायमास्ट, म्हणजे अनेक दिव्यांचा एकच उंच खांब, उभारण्यासाठी पुढाकार घेणारे पुष्कळ असतात.

वाट ठरली की दिवसाउजेडी ती चालून हाताने नकाशा काढावा आणि त्यावर प्रत्येक खांबाला स्वतःचा क्रमांक द्यावा. खांबावर रंगवलेला मूळ क्रमांक असल्यास तोही लिहावा, कारण तक्रार करताना तोच उपयोगी पडतो. त्यानंतर प्रत्येक खांबापुढे त्याचा मालक लिहावा. स्थानकाच्या आवारातील, म्हणजे रेल्वेचे कर्मचारी ज्याला ‘सर्क्युलेटिंग एरिया’ म्हणतात त्या भागातील दिवे रेल्वेच्या विद्युत विभागाकडे असतात. आवाराबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरची दिवाबत्ती हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते नमूद आहे, आणि नगरपालिका असलेल्या शहरांसाठी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये तशीच तरतूद आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना येथे महापालिका आहेत. हिंगोली, धाराशिव, पूर्णा, सेलू येथे अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जातो. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग यंत्रणाही चित्रात येते.

रेल्वेकडे लिहिताना विभाग चुकू नये, एवढी काळजी अवश्य घ्यावी. नांदेड, परभणी, हिंगोली, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही स्थानके दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात, तर लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतात. चुकीच्या विभागाकडे गेलेला अर्ज फिरत राहतो आणि तोवर पावसाळा येतो.

भुयारी मार्गाची मालकी सर्वांत गुंतागुंतीची असते. रुळांखालची काँक्रीटची पेटी सामान्यतः रेल्वेची, दोन्ही बाजूंचे उतार रस्त्याच्या मालकाचे, आणि आतील दिवे व पाणी उपसणारे पंप यांची जबाबदारी त्या कामाच्या करारात जशी लिहिली असेल तशी. हा करार मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तोंडी विचारल्यास दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून माहिती अधिकाराचा वापर करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. राज्याच्या यंत्रणेकडे अर्ज करताना विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. रेल्वेसाठी अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. अर्जात तीनच गोष्टी मागाव्यात: दिव्यांची देखभाल कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या कराराची प्रत, सध्याच्या देखभाल कंत्राटाची मुदत, आणि बंद दिवा किती तासांत सुरू करणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे ते कलम.

दुसरे पाऊल: रात्रीची पाहणी

पाहणी अमावास्येच्या आसपासच्या रात्री करावी, म्हणजे चांदण्याचा आधार राहत नाही. वेळ गाड्यांवरून ठरवावी. संध्याकाळी आठला दुकानांच्या पाट्या सुरू असतात आणि वाट उजळ दिसते, पण तीच वाट रात्री साडेअकराला किंवा पहाटे चारला पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. गटात स्त्रिया, एखादी वयस्कर व्यक्ती आणि शक्य असल्यास दृष्टी अधू असलेली किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असावी. कोठे पाय अडखळतो, कोठे समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि कोठे पावले आपोआप भराभर पडू लागतात, हे त्यांच्या तोंडून ऐकावे आणि नकाशावर त्याच जागी लिहावे. ही नोंद मोजमापाइतकीच महत्त्वाची आहे.

मोजमापासाठी लक्समीटर लागतो. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा एक ल्युमेन प्रकाश. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे उपकरण बहुधा असते आणि प्राध्यापकांना भेटून विनंती केल्यास ते मिळू शकते. मोबाइलमधील ॲप दोन जागांची तुलना करण्यापुरतेच वापरावे. त्याचे आकडे अर्जात लिहू नयेत. वाटेवर दर पाच मीटरवर मीटर जमिनीलगत आडवा धरून आकडा नोंदवावा, आणि मोजणाऱ्याची सावली त्यावर पडू देऊ नये.

आकड्यांची तुलना कशाशी करायची, हे भारतीय मानक १९४४ मध्ये दिले आहे. त्यात वर्दळीच्या मुख्य रस्त्यांसाठी सरासरी ३० लक्स, इतर मुख्य रस्त्यांसाठी १५, दुय्यम रस्त्यांसाठी ८ आणि कमी वर्दळीच्या रस्त्यांसाठी ४ लक्स अशी पातळी सांगितली आहे. सरासरीबरोबर समानताही पाहायची असते, म्हणजे सर्वांत कमी आकडा भागिले सरासरी. मुख्य रस्त्यांसाठी हे गुणोत्तर किमान ०.४ आणि दुय्यम रस्त्यांसाठी ०.३ असावे लागते. समजा, एका वाटेवर सात ठिकाणी २२, १८, ९, २, १, ३ आणि १५ लक्स असे आकडे आले. सरासरी १० निघते, म्हणजे दुय्यम रस्त्याच्या ८ लक्सच्या अटीत ती वाट उत्तीर्ण होते. पण सर्वांत कमी आकडा १ असल्यामुळे समानता ०.१ इतकीच भरते. अधिकारी सरासरी दाखवून तक्रार निकाली काढू शकतात. मधले ते तीन आकडे, म्हणजे २, १ आणि ३, हेच आपले खरे म्हणणे आहे, आणि ते मानकाच्या भाषेत मांडता आले की त्याला उत्तर द्यावेच लागते.

तिसरे पाऊल: कारण ओळखणे

अंधाराचे कारण दर वेळी बंद दिवा हेच नसते. कडुनिंबाच्या किंवा गुलमोहराच्या फांद्यांत बुडालेला दिवा, जाहिरात फलकाची सावली, रात्रभर उभ्या असणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसची आड, खांबांमधील जास्तीचे अंतर आणि धुळीने माखलेली काच ही कारणे तितकीच नेहमीची आहेत. रस्त्यावरील खांबांचे अंतर त्यांच्या उंचीच्या साधारण तीन ते साडेतीन पट असावे. ९ मीटरच्या खांबांमध्ये ४० मीटर अंतर असेल तर मध्ये अंधार राहणारच, आणि त्यावर अधिक वॅटचा दिवा हा उपाय नाही. फांद्या छाटायच्या असतील तर उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. झाड जुने आणि डेरेदार असेल तर ते तोडण्याची मागणी कधीही करू नये, त्याच्या खाली ४ ते ५ मीटर उंचीचे वेगळे खांब मागावेत.

दिवे संध्याकाळी उशिरा लागत असतील तर टायमर तपासायला सांगावा. आपल्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीस सव्वासातपर्यंत दिसतो. एकदा लावलेला टायमर वर्षभर तसाच ठेवल्यास हिवाळ्यात दररोज तासभर अंधार राहतो. तारखेनुसार वेळ आपोआप बदलणारा टायमर किंवा चांगला फोटोसेल, म्हणजे अंधार पडताच दिवा लावणारा संवेदक, बसवला की हा प्रश्न सुटतो, आणि खांब उभारण्याच्या तुलनेत त्याचा खर्च अगदीच किरकोळ असतो. पूर्ण ओळच बंद असेल तर फिडर पिलरमधील, म्हणजे त्या ओळीला वीज वाटणाऱ्या रस्त्यालगतच्या पेटीतील बिघाड, केबल तुटणे किंवा वीजबिलाच्या थकबाकीमुळे तोडलेली जोडणी यांपैकी काहीतरी असते. शेवटच्या बाबतीत विद्युत विभागापेक्षा लेखा विभागाला गाठावे लागते.

चौथे पाऊल: योग्य दिवा सुचवणे

हायमास्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोकप्रतिनिधींकडे सर्वांत जास्त मागणी त्याचीच होते. मोकळ्या चौकासाठी आणि वाहनतळासाठी तो उपयुक्त आहे. मात्र चालण्याच्या वाटेसाठी तो अपुरा पडतो: उजेड वरून येत असल्यामुळे उभ्या रिक्षांच्या आणि टपऱ्यांच्या मागे गडद सावल्या पडतात, चौकाबाहेर अचानक काळोख जाणवतो, आणि वीजपुरवठ्यात बिघाड झाला तर सगळा परिसर एकदम अंधारात जातो. त्याच निधीतून वाटेवर कमी उंचीचे, कमी वॅटचे आणि जवळजवळचे खांब अधिक उपयोगी ठरतात. समोरून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडला तरच चालणारीला आश्वस्त वाटते, आणि ते बाजूने येणाऱ्या प्रकाशातूनच साधते.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. रंगाच्या बाबतीत ४००० केल्विनच्या आसपासचा किंवा त्याहून उबदार पांढरा प्रकाश मागावा. ६५०० केल्विनचा निळसर दिवा डोळ्यांना प्रखर वाटतो, आणि पावसाळ्यात त्यावर किडे-पाखरांची गर्दीही अधिक होते. दिवा धूळ आणि पाण्यापासून संरक्षित, म्हणजे किमान आयपी ६५ दर्जाचा असावा. विजेच्या दाबातील चढउतार सोसणारे सर्ज संरक्षण त्यात असल्याची खात्री करावी, कारण मराठवाड्यातील एलईडी दिव्यांत आधी ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला योग्य वीजप्रवाह पुरवणारा आतील भाग, निकामी होतो. मे महिन्यातील उष्णता आणि अस्थिर वीजदाब ही त्याची दोन कारणे आहेत.

खांब उभारताना आपल्या जमिनीचा विचार करावाच लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यातच पाया थांबवलेला खांब काही वर्षांत कलतो. पाया काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा, अशी अट अंदाजपत्रकात लिहून घ्यावी. केबल वाळूच्या थरात आणि पाइपमधून टाकावी. जेथे लगेच काळा पाषाण लागतो तेथे अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होते, म्हणून अर्थिंगचे मोजमाप एप्रिल-मे महिन्यात करून घ्यावे.

रुळांलगतच्या कामाला वेगळी शिस्त आहे. रुळांवरील विद्युत तारांत २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि त्यांच्यापासून किमान २ मीटर दूर राहणे आवश्यक असते. रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय त्या भागात शिडीसुद्धा लावू नये. दिव्याचा झोत लोको पायलटच्या डोळ्यांवर जाऊ नये, आणि शोभेसाठीसुद्धा लाल किंवा हिरवे दिवे रुळांच्या बाजूला लावू नयेत, कारण सिग्नलशी त्यांची गल्लत होऊ शकते.

पाचवे पाऊल: भुयारी मार्ग

रस्त्यापेक्षा भुयारी मार्गाचा विचार निराळ्या पद्धतीने करावा लागतो, कारण तेथे दिवसाही अंधार असतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरणाऱ्याचे डोळे काही क्षण काहीच पाहू शकत नाहीत, आणि दुचाकीस्वार व पादचारी एकाच पेटीतून जात असतील तर हे क्षण धोक्याचे असतात. त्यामुळे आतील दिवे रस्त्याच्या दिव्यांच्या टायमरवर जोडू नयेत. त्यांचा स्वतंत्र सर्किट असावा आणि ते चोवीस तास सुरू राहावेत. दिवसा प्रवेशाजवळ आतील मध्यभागापेक्षा अधिक उजेड लागतो. रात्री उलट स्थिती असते: आत प्रखर उजेड आणि बाहेरच्या उतारावर एकही दिवा नाही, असे असल्यास बाहेर पडणाऱ्याला समोरचे काहीच दिसत नाही, तर बाहेर अंधारात उभ्या असलेल्याला आतला प्रत्येक जण दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या उतारांवर आणि पायऱ्यांवर दिवे असल्याशिवाय भुयारी मार्गाचे काम पूर्ण झाले असे मानू नये. आत रात्री साधारण ५० लक्स मागावेत, असे माझे मत आहे. चेहरे ओळखू येणे आणि ओली फरशी दिसणे, या दोन्हींसाठी रस्त्याची पातळी तेथे अपुरी पडते.

भिंती आणि छत पांढऱ्या रंगाने रंगवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो सर्वांत आधी करावा. करड्या, काजळलेल्या काँक्रीटवर पडलेला बराचसा प्रकाश शोषला जातो. तेच दिवे पांढऱ्या भिंतींमध्ये स्पष्टपणे अधिक उजेड देतात. पिचकाऱ्यांचा विचार करून खालचा मीटरभर भाग धुता येईल अशा टाइलचा किंवा रंगाचा ठेवावा. दिवे भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना एकाआड एक बसवावेत, त्यांना मजबूत जाळी असावी, आणि वायर उघडी न ठेवता लोखंडी पाइपमधून न्यावी. दोन बाजूंचे दिवे दोन वेगळ्या सर्किटवर ठेवल्यास एक सर्किट बंद पडले तरी पूर्ण अंधार होत नाही.

पाणी हा यातील सर्वांत गंभीर मुद्दा आहे. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचते, आणि पाण्यात उतरलेला वीजप्रवाह जीव घेतो. विद्युत पॅनेल आजवर आलेल्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेच्या वर, शक्यतो भुयाराबाहेर असावे. त्यात ३० मिलिॲम्पिअर गळतीवर वीज तोडणारे संरक्षण असावे. पंपाची जोडणी दिव्यांपासून वेगळी असावी. पाण्याची खोली दाखवणारी पट्टी भिंतीवर रंगवून तिच्यावर प्रकाश पडेल असा दिवा प्रवेशाजवळच ठेवावा, म्हणजे अनोळखी वाहनचालक रात्री अंदाजाने पाण्यात गाडी घालणार नाही. पॅनेल उघडे दिसले किंवा वायर लोंबताना दिसली तर हा विषय नेहमीच्या तक्रारीत घालू नये. त्याच क्षणी महावितरणच्या १९१२ क्रमांकावर आणि स्थानक व्यवस्थापकांना कळवावे, आणि मदत येईपर्यंत लोकांना तेथून जाऊ देऊ नये.

सहावे पाऊल: अर्ज आणि निधी

अर्ज एका पानाचा असावा आणि सोबत नकाशा, मोजमापाचा तक्ता व रात्रीची छायाचित्रे जोडावीत. मजकूर असा ठेवता येईल: ‘स्थानकाच्या पश्चिम दारापासून भुयारी मार्गापर्यंतच्या वाटेवर खांब क्रमांक ७ ते १० यांच्या दरम्यान रात्री मोजलेला प्रकाश १ ते ३ लक्स इतकाच आहे. भारतीय मानक १९४४ नुसार येथे सरासरी ८ लक्स आणि ०.३ समानता अपेक्षित आहे. येथील दोन खांब रेल्वेच्या व दोन महापालिकेच्या हद्दीत असल्याने दोन्ही यंत्रणांनी संयुक्त पाहणी करावी, ही विनंती.’ हाच अर्ज महापालिका आयुक्त आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापक या दोघांना एकाच दिवशी द्यावा, प्रत्येक प्रतीवर दुसऱ्याचे नाव लिहावे आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. संयुक्त पाहणी हा शब्द अर्जात असणे फार आवश्यक आहे; दोन्ही बाजूंचे अभियंते त्या अंधाऱ्या जागेवर एकत्र उभे राहिले की टोलवाटोलवीला जागा राहत नाही. केवळ एखादा दिवा बंद असेल तर एवढा खटाटोप नको. रेल्वेच्या हद्दीसाठी १३९ क्रमांक आणि शहराच्या हद्दीसाठी महापालिकेची तक्रार सुविधा पुरेशी आहे.

नवीन कामासाठी निधी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून येऊ शकतो. मराठवाड्यातील अनेक स्थानकांवर अमृत भारत स्थानक योजनेची कामे होत आहेत; आपले स्थानक त्यात असेल तर बाहेरच्या वाटेची दिवाबत्ती त्या आराखड्यात कोठवर धरली आहे, हे आताच विचारावे. वीजखर्चाची भीती घातली गेल्यास साधे गणित मांडावे: ४० वॅटचे २० दिवे रोज ११ तास चालले तर दिवसाला ८.८ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २६४ युनिट वीज लागते.

सातवे पाऊल: काम झाल्यानंतर

नवे दिवे लागले की त्याच आठवड्यात, त्याच जागांवर पुन्हा लक्स मोजावेत आणि आधीच्या तक्त्याशेजारी नवे आकडे लिहून दोन्ही कार्यालयांना द्यावेत. दोषदायित्व कालावधी किती वर्षांचा आहे आणि तो कोणत्या तारखेला संपतो, हे लेखी घ्यावे. त्या तारखेच्या दोन महिने आधी पूर्ण वाटेची पाहणी केली तर कलते खांब आणि मंद झालेले दिवे कंत्राटदाराच्याच खर्चाने बदलून मिळतात. प्रत्येक खांबावर क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक ठळक रंगवून घ्यावा. काचा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यातील धूळ बसल्यावर पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा दिवाळीपूर्वी पुसल्या जाव्यात, आणि तसे देखभालीच्या कंत्राटात लिहिलेले असावे. भुयारी मार्गाची पॅनेल, गळती संरक्षण आणि पंप यांची चाचणी मे महिन्याच्या अखेरीस अभियंत्यांच्या उपस्थितीत करून घ्यावी आणि चाचणीच्या अहवालाची प्रत मोहल्ला समितीच्या नोंदवहीत जोडावी.